मेज, पंगत आणि चैत्रगौर

‘मेजवानी’ हा शब्द मराठीत रुळला, तेव्हा मराठी घरांत मेज नव्हते. फारसीत ‘मेज’ म्हणजे टेबल आणि ‘मेजबान’ म्हणजे यजमान. दरबारी व्यवहारातून शब्द आपल्याकडे आला. वस्तू मात्र मागेच राहिली. त्यानंतर कित्येक पिढ्या आपण मेजवान्या दिल्या आणि घेतल्या त्या जमिनीवर, पाटावर बसून. टेबल घरात आले ते फार उशिरा, इंग्रजी अमलात. आल्यावरही बराच काळ त्याच्यावर बसून कोणी जेवत नव्हते.

वसंत ऋतूत जेवणाचे टेबल कसे सजवावे, याचे सल्ले आज कोणत्याही मासिकात किंवा मोबाइलवर सापडतात. फिकट रंगाचे कापड, मधोमध बुटकी फुलदाणी, घड्या घातलेले हातरुमाल असे त्यांचे स्वरूप असते. ही कल्पना थंड मुलखातली. तिथे बर्फ वितळते, पहिली फुले उमलतात आणि माणसे ती घरात आणतात. नागपूरच्या वसंताला ती लागू पडत नाही. फाल्गुनात पळस पेटतो आणि चैत्र अर्धा होतो न होतो तोच पारा चाळिशीला टेकतो. इथल्या वसंताचे स्वागत म्हणजे येणाऱ्या उन्हाची तयारी. ती तयारी देखणी करून मांडण्याची एक जुनी रीत आपल्याकडे आहे. तिचे नाव चैत्रगौरीची आरास.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. इतिहास शिकले तो वाचनालयांतल्या बाकांवर आणि लोकांच्या माजघरांत. घरातल्या वस्तू कुठून आल्या, कोणी वापरल्या आणि त्यांच्या भोवती कोण बसले, हा माझ्या अभ्यासाचा विषय. चैत्रगौरीची आरास हा त्यातला मला सर्वांत जवळचा धागा, कारण टेबल, जेवण, ऋतू आणि बाया या चारही गोष्टी तिथे एकत्र येतात.

व्रत आणि त्याची मांडणी

पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘धर्मसिंधु’ रचला. त्यात चैत्र शुक्ल तृतीयेला शिवासह गौरीची पूजा करून तिला महिनाभर झोक्यावर झुलवावे, असे आंदोलनव्रत सांगितले आहे. व्रत वैशाख शुक्ल तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूर्ण होते. शास्त्राला हवी आहे ती एवढीच गोष्ट: गौर, झोका आणि एक महिना.

बाकीचे सगळे बायकांनी रचले. दाराशी चैत्रांगण काढायचे. त्यात गुढी, सूर्य, चंद्र, शंख, कासव, हत्ती, गोपद्मे, फणी, करंडा, आरसा आणि मधोमध पाळण्यातली गौर. आत पितळेच्या लहानशा झोपाळ्यात अन्नपूर्णा बसवायची. ही अन्नपूर्णा बहुधा लग्नात माहेरून आलेली. महिन्यातला सोयीचा दिवस पाहून संध्याकाळी हळदीकुंकू करायचे. त्या दिवशीची आरास पायऱ्यापायऱ्यांची. वरच्या पायरीवर गौर, खाली उतरत्या क्रमाने फराळाची ताटे, फळे, खेळणी, बाहुल्या, मोगऱ्याचे गजरे, दवणा.

खाण्याच्या पदार्थांकडे नीट पाहिले की ऋतू कळतो. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, तिच्यात कैरीचा कीस घालायचा आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी द्यायची. ही कैरीची डाळ. उकडलेल्या कैरीचे गूळ-वेलची घातलेले पन्हे. ओटीत भिजवलेले हरभरे. कमळासारख्या पाकळ्या कापलेले टरबूज; पुण्या-मुंबईकडे त्याला कलिंगड म्हणतात. यांतल्या बहुतेक गोष्टींना चूल लागत नाही, किंवा फार थोडी लागते. हरभरा रब्बीचा, नुकताच घरात आलेला. कैरी झाडावरची. टरबूज नदीच्या वाळूतले. पाणी माठातले. दुपारी घराबाहेर पडवत नाही अशा महिन्यात उन्हे कलल्यावर बायकांनी एकमेकींकडे जावे, थंड काही प्यावे, दोन घटका बसावे, अशी ही योजना आहे. तिच्यात शोभा आहे, पण शोभेसाठी आणलेली एकही वस्तू वाया जात नाही. जे मांडले ते खाल्ले जाते, वाटले जाते किंवा डोक्यात माळले जाते.

जमिनीवरचे मेज

आरास समजून घ्यायची तर तिच्या आधीची मांडणी पाहायला हवी. मराठी जेवणाची सजावट जमिनीवर होती. शेणाने सारवलेली किंवा फरशीची जमीन, बसायला पाट, ताटाभोवती रांगोळीची महिरप, उदबत्ती. आजही एखाद्या मुंजीत किंवा केळवणात हे दिसते. ताटालाही नकाशा आहे. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाज्या, उसळ, आमटी. समोर भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. वाढणाऱ्याने क्रम चुकवायचा नाही.

ही शिस्त जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या भोजनाचे स्वतंत्र प्रकरण आहे, ‘अन्नभोग’ नावाचे. विदर्भापुरते बोलायचे तर लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या जेवणाला ‘आरोगणा’ हा खास शब्द आहे. जेवणे ही साधी क्रिया नव्हे, तिला मांडणी आणि मान आहे, हे भाषेने तेव्हाच नोंदवून ठेवले.

विदर्भात मोठ्या पंगतीला ताटे नसत, पत्रावळी असत. त्या पळसाच्या. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सगळीकडे आहे. आमच्याकडे मात्र ती तीन पाने रोजच्या व्यवहारातली. जंगलालगतच्या गावांतल्या बाया पाने तोडत, वाळवत, बारीक काड्यांनी टाचत आणि गठ्ठे बांधून बाजारात आणत. वसंतात पळस पाने गाळतो आणि फुलतो. नवी पालवी त्यानंतर. म्हणजे चैत्रातल्या पंगतीखाली असलेली पत्रावळ आधीच्या हंगामातली, कुणीतरी माळ्यावर जपून ठेवलेली.

या जमिनीवरच्या मेजाला दुसरी बाजूही होती. पंगत म्हणजे ओळ, आणि ओळीत कोण बसणार हे जातीने ठरलेले. वाढण्यात डावेउजवे करण्याला मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ असा नेमका शब्द आहे. असा शब्द घडवावा लागला, यातच तो अनुभव किती नेहमीचा होता हे कळते.

टेबल नागपुरात येते

तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे १८५३ च्या डिसेंबरात निधन झाले आणि डलहौसीने पुढच्याच वर्षी राज्य खालसा केले. राजवाड्यातले हत्ती, घोडे, सामानसुमान, जडजवाहीर विकायला काढले गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झाले. १८६७ मध्ये रेल्वे पोचली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज निघाले. एका पिढीच्या आत एका राजधानीचे सामान गेले आणि दुसऱ्या राजधानीचे आले. नव्या सामानात खुर्ची आणि टेबल होते.

कचेरीत कारकून टेबलावर लिहू लागला. वकिलाने घराच्या पुढल्या खोलीत टेबल ठेवले. त्यावर दौत, कागद, कायद्याची पुस्तके. हे टेबल पुरुषांचे, बाहेरच्या जगाचे. त्यावर फार तर चहाचा पेला आला. त्या पेल्याची किंमत काय होती, हे पुण्याच्या पंचहौद मिशन प्रकरणाने दाखवले. १८९० च्या ऑक्टोबरात मिशनच्या आवारात रानडे, टिळक आदी मंडळींनी चहा-बिस्किटे घेतली. त्यावरून ग्रामण्य उठले आणि शेवटी दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. टेबलावर बसून खाणे म्हणजे कोणाशेजारी बसलो आणि कोणाच्या हातचे खाल्ले, याचा हिशेब सोडणे. समाजाला भीती लाकडाच्या चार पायांची नव्हती, त्या हिशेबाची होती.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त हा हिशेब बाईच्या बाजूने वाचायला मिळतो. रेव्हरंड टिळकांचा नागपूरशी संबंध होता. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते इथे काही काळ काम करत होते. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. त्यानंतर नवऱ्याकडे राहायला गेलेल्या लक्ष्मीबाई कित्येक दिवस आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवत राहिल्या. मग एके दिवशी त्यांनीच विचार करून सोवळे सोडले. मराठीत जेवणाच्या जागेबद्दल इतके प्रांजळ लिखाण थोडे आहे. घरातली बाई जोवर हलत नाही, तोवर जेवणाची रीत हलत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

आराशीखालचे टेबल

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. पुढल्या खोलीतले टेबल माजघरात गेले कसे? माझ्या मते ते जेवणासाठी गेले नाही, गौरीसाठी गेले.

आराशीला पायऱ्या लागतात. त्या कशाच्या करायच्या? घरात असेल त्याच्या. ट्रंका, रॉकेलचे खोके, पाट, चौरंग आणि सर्वांत खाली सगळ्यांत मोठी सपाट वस्तू, म्हणजे टेबल. महालातल्या जुन्या वाड्यांत आणि धंतोलीतल्या नंतरच्या घरांत आराशीबद्दल विचारले, की हा क्रम थोड्याफार फरकाने ऐकायला मिळतो. नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे लिहिण्याचे टेबल एक दिवसापुरते आत यायचे. दौत-कागद दुसरीकडे जायचे. वर धुतलेली पांढरी चादर, तिच्यावर जरीचे लुगडे किंवा विणलेला रुमाल. चादर जमिनीपर्यंत सोडायची, म्हणजे टेबलाचे पाय दिसत नाहीत.

ही चादर मला महत्त्वाची वाटते. तिने टेबल झाकले जाई आणि शुद्धही होई. ज्या वस्तूवर जेवणे निषिद्ध, तिच्यावरच देवीच्या नैवेद्याची ताटे मांडली जात होती आणि कोणाला काही खटकत नव्हते. क्रोशाचे रुमाल, काचेची फुलदाणी, चिनी मातीच्या बशा या नव्या वस्तूही प्रथम इथेच बायकांच्या हाती आल्या. त्या कशा मांडायच्या, उंच काय आणि बुटके काय, रंगाशेजारी कोणता रंग, हे सगळे शिकणे आराशीत झाले. पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी जेवणाचे टेबल घरात आले, तेव्हा मराठी गृहिणीला टेबल सजवणे नवीन नव्हते. बसून जेवणे नवीन होते.

कोणाला बोलावणे

आता त्या टेबलाभोवती कोण होते ते पाहू, कारण मांडणीचा इतिहास तेवढ्यावर थांबवता येत नाही.

आराशीतले टरबूज कुठून येई? वैनगंगा, कन्हान अशा नद्यांच्या वाळूच्या पात्रात ढीवर लोक टरबूज-खरबुजाच्या वाड्या करत. पाणी उतरले की वाळूत खड्डे घ्यायचे, खत घालायचे, वेल लावायचे आणि पावसाआधी पीक काढून मोकळे व्हायचे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात या जातीच्या टरबूज-शिंगाड्याच्या व्यवसायाची नोंद आहे. माठ कुंभाराचा. पत्रावळ आणि द्रोण जंगलकाठच्या बायांचे. या सगळ्यांचे श्रम गौरीपुढे मांडलेले असत. त्यांतली कोणी हळदीकुंकवाला बोलावलेली नसे. चैत्रगौरीचे हळदीकुंकू मुख्यतः ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय घरांतले. आमंत्रणाची हद्द आळीची, नात्याची, जातीची.

आळीतल्या आणि नात्यातल्या असूनही एक बाई बाहेर राही: विधवा. डाळ वाटण्यात, कैऱ्या किसण्यात, टरबुजाच्या पाकळ्या कापण्यात तिचा हात सर्वांत सराईत. संध्याकाळी बायका येऊ लागल्या की ती स्वयंपाकघरात. तिच्या कपाळाला कुंकू नाही, ओटीत हरभरे नाहीत. आराशीच्या आठवणी सांगणाऱ्या अनेक वयस्क बायका बोलता बोलता इथे थांबतात. ‘आत्या आतच असायची,’ एवढे म्हणतात आणि दुसरा विषय काढतात.

शिकलेल्या, सार्वजनिक काम करणाऱ्या स्त्रियांत तरी हे बदलले होते का? याचे उत्तर नागपुरातच आहे. १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपूरला झाले. नागपुरात मुलींची शाळा चालवणाऱ्या जाईबाई चौधरी तिथे गेल्या होत्या. जेवणाच्या वेळी त्यांना वेगळे वागवण्यात आले. अपमान झाला तो भाषणाच्या मंचावर नव्हे, पंगतीत. त्याचा निषेध करण्यासाठी १९३८ च्या आरंभी नागपुरातल्या दलित स्त्रियांनी सभा घेतली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या पुस्तकाने हा इतिहास मराठी वाचकांपुढे आणला. त्यानंतर चार वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, याच शहरात दलित स्त्रियांची स्वतःची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. आंबेडकर उपस्थित होते. परिषदेने घटस्फोटाच्या हक्काची आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची मागणी केली. एका पंगतीत नाकारलेली जागा आणि पाच वर्षांच्या आत उभे राहिलेले हे व्यासपीठ, या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात.

पंगत मोडून काढण्याचे प्रयत्न इतरत्रही झाले. आंबेडकरांच्या समाज समता संघाने सहभोजने केली. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी सहभोजनांबरोबर सर्व जातींच्या स्त्रियांची हळदीकुंकवे घडवून आणली. ओळ बदलायची तर ती जेवणाच्या आणि हळदीकुंकवाच्याच जागी बदलावी लागते, हे दोन अगदी वेगळ्या विचारांच्या माणसांनी ओळखले होते. विधवांचा प्रश्न मात्र रेंगाळला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ग्रामसभेचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनाने तो कित्ता इतर गावांनी गिरवावा असे परिपत्रक काढले. धर्मसिंधूच्या काळापासून मोजले तर सव्वादोनशेहून अधिक वर्षे.

डायनिंग टेबलावरची गौर

वाडे पडले, फ्लॅट आले. गॅसचा ओटा उभ्याचा झाला, मग बसण्याची जागाही उंच झाली. साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत सनमायकाचे डायनिंग टेबल दिसू लागले. पाट माळ्यावर गेले, महिरप गेली, पत्रावळीच्या जागी आधी स्टीलचे ताट आणि बुफेत कागदी प्लेट आली. गेलेल्या गोष्टींबद्दल हळहळ वाटणे साहजिक आहे. पण पाट गेला तेव्हा त्याबरोबर घरातली आधी पुरुष, मग बायका ही दोन पंगतींची रीतही सैल झाली. शिळे-उरलेले शेवटी खाणारी सून टेबलाशी खुर्ची ओढून बसली. हा फायदा लहान नाही.

नागपुरातल्या अनेक फ्लॅटमध्ये आता चैत्रगौर डायनिंग टेबलावरच बसते. महिनाभराचा झोका एका रविवार संध्याकाळवर आला आहे. पायऱ्यांसाठी चपलांचे खोके वापरतात, वरून पूर्वीसारखेच जरीचे वस्त्र. कूलर घरघरत असतो, पन्हे फ्रीजमधले असते, टरबुजाचे कमळ मात्र अजून हातानेच कापतात. म्हणजे जे टेबल एकेकाळी गौरीसाठी उसने आत आले होते, ते आता घरचे झाले आहे आणि गौर त्याच्याकडे पाहुणी येते.

काही घरांत बोलावणीही बदलली आहेत. शेजारची विधवा मावशी येते, तिलाही गजरा आणि ओटी मिळते. घरकाम करणारी ताई येते आणि सोफ्यावर बसून पन्हे पिते. सगळीकडे असे होत नाही; काही ठिकाणी कुंकू टाळून नुसती डाळ हातावर ठेवतात आणि दोघींनाही ते कळते. मला यात आराशीच्या परंपरेचा भंग दिसत नाही. शास्त्राने सांगितले होते ते गौर, झोका आणि महिना एवढेच. बोलावण्याची यादी माणसांनी केली होती, जशा पायऱ्या केल्या, जसे चैत्रांगण रेखले. वसंतातले हे मेज कसे मांडायचे, हे आपल्याला दोनतीनशे वर्षांच्या सरावाने पक्के ठाऊक आहे. येत्या चैत्रात आराशीसाठी टेबल रिकामे करताना पहिल्यांदा ती यादी काढून वाचावी आणि तिच्यात कोणते नाव राहिले आहे ते पाहावे.